न ऐकलेला हंबरडा

‘सर्वजयेचा हंबरडा प्रेक्षकाचं काळीज चिरत जातो.’

हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन खुर्चीत मागे रेललो होतो. लेख ‘पथेर पांचाली’वर होता, सत्यजित राय यांच्या 1955 सालच्या पहिल्या चित्रपटावर. एका नियतकालिकाच्या संपादक बाईंनी मागितला होता आणि अट एकच घातली होती: परीक्षण नको, विश्लेषण हवं. मी म्हटलं, देतो की, त्यात काय. चित्रपट तीनदा पाहिलेला. शेवटचं पाहणं सात-आठ वर्षांपूर्वीचं असलं म्हणून काय झालं, असे चित्रपट कुणी विसरतं का?

लेख परत आला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात तीन शब्द: ‘तुम्ही कुठे ऐकला?’

बाई जुन्या वळणाच्या आहेत. खुणा पेन्सिलीनेच करतात, म्हणजे लेखकाला खोडरबर वापरायची मुभा राहते. पण तो प्रश्न वाचून मला राग आला. कुठे ऐकला म्हणजे काय? चित्रपटात ऐकला. आख्ख्या जगाने ऐकलाय. त्या रात्री, बाईंना खोटं पाडायचं एवढ्याच हेतूने, मी चित्रपट लावला आणि पुढे सरकवत थेट त्या प्रसंगावर आलो.

हरिहर बऱ्याच काळाने घरी परतलाय. वादळाने घराची पडझड झालीय आणि आपली मुलगी दुर्गा गेली, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला, सर्वजयेला, दाखवतो. पोळपाट-लाटणं. लक्ष्मीची तसबीर. सर्वजया गप्प. मग तो साडी काढतो, दुर्गासाठी आणलेली. ती साडी हातात घेते, दातांत धरते, चेहरा वेडावाकडा होतो आणि ती कोसळते. तिच्या तोंडून जे बाहेर पडायला हवं ते ऐकूच येत नाही. त्याच्या जागी येते तारशहनाई, वरच्या पट्टीत, पटदीप रागाचे सूर धरून.

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. आवाज वाढवला. कानात इअरफोन खुपसून ऐकलं. हंबरडा नव्हता.

खरं तर हे काही गुपित नाही. चित्रपटाच्या अभ्यासकांमध्ये ही जागा प्रसिद्ध आहे आणि मीही कधीतरी वाचलेलं असणार. संगीत रविशंकर यांचं, तारशहनाई वाजवली दक्षिणामोहन टागोरांनी. नावात शहनाई असली तरी हे वाद्य फुंकायचं नाही. गजाने वाजवायचं तंतुवाद्य, इसराजाच्या जातीचं, त्याला एक कर्णा जोडलेला, म्हणून आवाज शहनाईकडे झुकतो. ही सगळी माहिती माझ्याकडे होती. तरीही लिहायला बसलो तेव्हा हाताने ‘हंबरडा’च लिहिला. म्हणजे तो मी ऐकलेला नव्हताच, आईला मूल गेल्यावर जसं रडावंसं वाटेल तसं रडणं मी तिच्या तोंडी घातलं होतं.

बाईंना दुसऱ्या दिवशी फोन केला. ‘सापडला का?’ त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात विजयाचा लवलेश नव्हता, ते जास्त लागलं. मग म्हणाल्या, ‘असं करा. वही घ्या, दोन रकाने पाडा. डावीकडे जे दिसतं ते, उजवीकडे जे ऐकू येतं ते. विशेषण आलं की खोडा.’

हे शाळकरी वाटलं. तरी केलं. वादळानंतरची सकाळ घेतली. डाव्या रकान्यात पहिलं लिहिलं: ‘विषण्ण सकाळ’. खोडलं. ‘उद्ध्वस्त अंगण’. ‘उद्ध्वस्त’ खोडलं, उरलं ‘अंगण’, आणि नुसतं अंगण काही कामाचं नव्हतं. म्हणून पुन्हा पाहावं लागलं. या वेळी दिसला पाण्यात उताणा पडलेला एक मेलेला बेडूक. तो मी तीन वेळा पाहूनही कधी पाहिला नव्हता. दुर्गा गेली हे अजून कुणी मोठ्याने बोललेलं नाही, आणि हा बेडूक पोट वर करून पडलाय. ‘विषण्ण’ लिहून मी त्याला झाकून टाकला होता.

विशेषणांची ही सवय मला लागली ती परीक्षणं लिहिताना. काही वर्षं मी दर आठवड्याला एक लिहीत असे, आणि ते काम करणाऱ्या प्रत्येकाकडे एक पेटी असते, तशी माझ्याकडेही होती. छायाचित्रण नेत्रसुखद. संगीत कथेला पूरक. अभिनयाची जुगलबंदी. पूर्वार्ध खिळवून ठेवतो, उत्तरार्ध रेंगाळतो, संकलकाने आणखी कात्री चालवायला हवी होती. शेवट अंतर्मुख करतो. या पेटीतल्या शब्दांचा गुण असा की ते कुठल्याही चित्रपटाला बसतात. परीक्षणाला दोष देत नाही मी; संध्याकाळी पैसे मोडून कुठे जावं हे वाचणाऱ्याला सांगायचं असतं, त्यापुरतं ते ठीक असतं. पण विश्लेषण वाचणाऱ्याने चित्रपट बहुधा पाहिलेलाच असतो. त्याला ‘पाहावा की नाही’ हे सांगून काय उपयोग? त्याने जे पाहिलं त्यातलं त्याला न दिसलेलं काहीतरी दाखवावं लागतं. आणि त्यासाठी ते आधी लिहिणाऱ्याला दिसलेलं असावं लागतं, इथेच तर घोडं पेंड खातं.

माझ्या पहिल्या खर्ड्यातले जवळजवळ निम्मे शब्द कथा सांगण्यात गेले होते. हे मोजल्यावर लक्षात आलं, लिहिताना नाही. कथा सांगणं फार आरामाचं असतं. वाक्यामागून वाक्य येत राहतं, पान भरतं, आणि आपण काहीतरी लिहितोय असं वाटत राहतं. उरलेल्यातला मोठा हिस्सा पडद्यामागच्या गोष्टींचा होता. 1952 च्या ऑक्टोबरात पहिलं चित्रीकरण काशफुलांच्या रानात झालं, आठवड्याने मंडळी परत गेली तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली, मग पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पैसे संपले तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने मदत केली आणि चित्रपटाच्या नावात ‘पथ’ असल्याने ती रस्तेसुधारणेच्या खाती टाकली गेली. या सगळ्या गोष्टी खऱ्या, आणि सांगायला इतक्या मजेदार की हात आवरत नाही. बाईंनी गुरांच्या परिच्छेदाला कंस घातला आणि लिहिलं: ‘छान. पण हे पडद्यावर कुठे दिसतं?’

यावर मी बरेच दिवस मनातल्या मनात भांडलो. गुरांनी फुलं खाल्ली ही हकिकत पडद्यावर दिसत नाही, हे तर खरंच. दिसतं ते उलटं आहे: पांढऱ्या फुलांचं ते रान इतकं सलग वाटतं की त्याच्या मधोमध कॅलेंडरची कितीतरी पानं उलटली असतील अशी शंकाही येत नाही. म्हणजे हकिकत वापरायचीच तर ‘सलग वाटणं’ या मुद्द्यासाठी वापरता आली असती. मी ती वाचकाचं मन रमवायला वापरली होती. शेवटी कंसासकट काढून टाकली. अजून हळहळ वाटते.

आता रेल्वेचा प्रसंग घ्या. त्यावर मी लिहिलं होतं, ‘रेल्वे हे आधुनिकतेचं प्रतीक आहे.’ बाईंनी या वाक्यावर काहीही लिहिलं नाही. नुसती एक उभी रेघ. काही चुकलेलं नव्हतं. खेड्यातली दोन मुलं, धूर सोडत जाणारं इंजिन, आधुनिकता नाही तर काय? पण हे वाक्य कुठल्याही खेड्यातल्या कुठल्याही आगगाडीबद्दल लिहिता येतं, चित्रपट न पाहताही लिहिता येतं. याच्याशी कुणी भांडणारही नाही, आणि ज्या विधानाशी कुणी भांडूच शकत नाही ते लेखाच्या मध्यावर ठेवून करायचं काय?

रकाने पाडून पाहिलं तेव्हा काय दिसलं? भाऊ-बहीण धावत सुटतात. दुर्गा वाटेत अडखळून पडते. अपू पुढे जातो. गाडी आली की कॅमेरा रुळांच्या पलीकडच्या बाजूला असतो. डबे आपल्या आणि अपूच्या मधून जातात, चाकांच्या फटींतून त्याचे पाय दिसतात. मग पांढऱ्या फुलांवर काळा धूर पसरत जातो. दुर्गा, जिने गाडीचा आवाज ऐकण्यासाठी खांबाला कान लावला होता, तिला गाडी धड पाहता आलेली नाही. पुढे आजारात ती अपूला म्हणते, बरी झाले की पुन्हा गाडी बघायला जाऊ.

एवढं कागदावर आल्यावर ‘प्रतीक’ हा शब्द मला एकदम आळशी वाटायला लागला. प्रश्न गाडी कशाचं प्रतीक आहे हा उरलाच नाही. ती कुणाला दिसली आणि कुणाला नाही, हा झाला. त्यातही एक बारकी गोष्ट: दुर्गा मागे पडल्यावर कॅमेरा तिच्यापाशी थांबत नाही. तो अपूबरोबर जातो, आणि पाठोपाठ आपणही तिला मागे टाकून गाडी पाहायला धावतो. प्रेक्षक म्हणून मी तीनदा तेच केलं होतं. इथे लेखाला पहिलं असं विधान मिळालं की जे खोटं असण्याची शक्यता होती. कुणी म्हणू शकतं, तुम्ही फार ताणताय, अपू हाच नायक आहे, कॅमेरा नायकाबरोबर जाणारच. म्हणा. मग भांडू.

पाहताना एक अडचण येते ती सांगून ठेवतो. चित्र थांबवून पाहिलं की चित्रपट मरतो. सेकंदाला चोवीस चौकटी पळत असतात तेव्हा जे असतं, ते एका थांबवलेल्या चौकटीत नसतं. तिथे असतं एक छायाचित्र, बहुतेकदा जरासं धूसर. सर्वजयेचा चेहरा मी थांबवून पाहिला तर ती रडतेय की हसतेय हेही सांगता येईना. न थांबवावं तर हातातून निसटतं. मी शेवटी असा मार्ग काढला की एकदा डोळे मिटून नुसतं ऐकायचं, एकदा आवाज बंद करून नुसतं पाहायचं. डोळे मिटून ऐकणाऱ्याला तो प्रसंग विचित्रच वाटेल: एक माणूस उत्साहाने बोलत असतो आणि मध्येच एक वाद्य किंचाळायला लागतं.

हे आडवळण घेतलंच आहे तर जरा पुढे जाऊ. रशियात, क्रांतीनंतरच्या वर्षांत, लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला असं सांगतात. इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. प्रेक्षक म्हणाले, काय अभिनय आहे! भूक काय, दुःख काय, वासना काय! चेहरा तर तोच होता. चित्रपटाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात ही गोष्ट, आणि ऐकणारे सगळे हसतात: बिचारे भोळे प्रेक्षक.

आता जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या ‘लेट स्प्रिंग’मधला (1949) एक प्रसंग याच्या शेजारी ठेवा. बाप आणि लग्नाला आलेली मुलगी क्योतोच्या सरायीत शेजारी शेजारी अंथरुणावर पडलेत. मुलगी बोलतेय, बाप झोपी गेलाय. मुलीच्या, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या सेत्सुको हाराच्या चेहऱ्यावर मंद हसू आहे. कट. अर्धवट अंधारात एक फुलदाणी, मागच्या कागदी पडद्यावर झाडाच्या सावल्या. काही सेकंद तेवढंच. कट. पुन्हा तिचा चेहरा, आणि आता ती रडण्याच्या काठावर आहे. कट. पुन्हा फुलदाणी, या वेळी आणखी लांब. इथे कुलेशॉव्ह उलटा झालाय. वस्तू तीच आहे, चेहरा बदललाय, आणि तो बदलत असताना आपण फुलदाणी पाहत होतो!

या फुलदाणीवर जेवढी शाई सांडली तेवढी चित्रपटाच्या इतिहासात क्वचित कुठल्या भांड्यावर सांडली असेल. पुढे स्वतः दिग्दर्शक झालेल्या पॉल श्रेडरने 1972 साली तिच्यात परस्परविरोधी भावना सामावून घेणारी स्थिरता पाहिली. जपानी चित्रपटांचा अभ्यासक डोनाल्ड रिचीला ती आपल्याच भावना ओतून ठेवायचं पात्र वाटली. फ्रेंच तत्त्वज्ञ जिल दलूझला तिच्यात साक्षात काळ दिसला. कुणी म्हणालं, मुलगी त्या फुलदाणीकडे बघतेय. कुणी म्हणालं, छे, ती छताकडे बघतेय. मला यातली गंमत वेगळीच वाटते. या प्रसंगाचं वर्णन पुष्कळदा ‘हसू, फुलदाणी, अश्रू’ असं तीन पायऱ्यांत केलं जातं. ती फुलदाणी दोनदा दिसते, आणि दुसऱ्यांदा जास्त वेळ दिसते, ते त्यात गळून जातं. दुसरी फुलदाणी कुणाच्या अर्थाला सोयीची नसावी बहुधा. चांगली चांगली माणसं ही. त्यांच्या मानाने माझा हंबरडा म्हणजे किरकोळ गुन्हा, असं म्हणून मी थोडं समाधान करून घेतलं.

अर्थात त्या काळी लिहिणाऱ्यांकडे घरी बसून मागे-पुढे करायची सोय नव्हती. अंधारात गुडघ्यावर वही ठेवून खरडायचं, आणि बाकीचं आठवणीवर. पॉलीन केल या अमेरिकी समीक्षिका तर चित्रपट एकदाच पाहायच्या, हट्टाने. पहिली प्रतिक्रिया तीच खरी, असा त्यांचा खाक्या. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने 1971 साली चित्रपटांवर पुस्तक लिहिलं ते बरंचसं आठवणीवरून, आणि आठवणीतल्या चुका त्यात असतील हे मोकळेपणाने मान्यही केलं. फ्रान्सच्या रेमंड बेलूर या चित्रपट-अभ्यासकाने सत्तरच्या दशकात मूळ दुखण्यावरच बोट ठेवलं: चित्रपट उद्धृत करता येत नाही. कवितेवर लिहिताना ओळ जशीच्या तशी देता येते, वाचक ती तिथेच ताडून पाहतो. चित्रपटावर लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी चलच्चित्राचे शब्द करावे लागतात, आणि शब्द केले की त्यात तो स्वतः घुसतोच. आज पडद्याचा तुकडा कापून मित्राला पाठवता येतो हे खरं. पण लेखात तो बोलत नाही. बोलावं लागतं आपल्यालाच.

तर मी पुन्हा माझ्या वाक्यापाशी आलो. खोडायला खोडरबर होतंच. ‘हंबरडा’ खोडून ‘तारशहनाई’ लिहिलं की चूक दुरुस्त, लेख छापायला मोकळा. तसं केलंही. वाचून पाहिलं आणि लेख अचूक झाला होता, पण त्यात काही उरलं नव्हतं. ‘येथे दिग्दर्शकाने रडण्याच्या आवाजाऐवजी वाद्याचा कल्पक वापर केला आहे.’ हे वाक्य बरोबर आहे आणि पेटीतलं आहे.

आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी, दुसरंच काही करत असताना, डोक्यात आलं की मी चूक दुरुस्त करतोय, तिला काही विचारत नाहीये. चित्रपटात जे नाही ते मी सात-आठ वर्षं इतक्या खात्रीने ऐकत आलो, तर ते मला कुणी ऐकवलं? मी कल्पनाशक्तीचा फार मोठा धनी आहे अशातला भाग नाही. चित्रपटानेच काहीतरी केलं असणार. एखादी जागा अशी मोकळी सोडली असणार की ती भरल्याशिवाय मला राहवलं नाही.

मराठीत एक शब्द दोन कामं करतो: ध्वनी. कानाला ऐकू येतो तोही ध्वनी, आणि नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा म्हणून ज्याची थोरवी गायली तोही ध्वनीच, शब्दांनी थेट न सांगता सुचवलेला अर्थ. महाविद्यालयात हे घोकलं होतं तेव्हा दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. इथे एका ध्वनीची जागा रिकामी करून दुसरा ध्वनी आणलाय. प्रत्यक्ष रडणं ऐकवलं असतं तर ते सर्वजयेचं राहिलं असतं. आपण एका परक्या बाईचं दुःख बाहेरून पाहिलं असतं, कदाचित थोडं अवघडून, दुसऱ्याच्या घरात नको त्या वेळी शिरल्यासारखं. ते काढून घेतलं. तिच्या उघडलेल्या तोंडाला आवाज पुरवायचं काम आपल्यावर पडलं, आणि प्रत्येकाने तो आपापल्या साठ्यातून पुरवला. मीही पुरवला. कुठून, ते लेखात लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही.

हा लेखाचा कणा ठरला. त्याच्याभोवती बाकीचं आपोआप हललं. त्या प्रसंगाआधी अपू एकटाच केस विंचरतो, छत्री घेतो, चादर लपेटून बाहेर पडतो, आणि सर्वजया बसून असते. हे मी आधी ‘शोकमग्न घर’ म्हणून एका ओळीत गुंडाळलं होतं. आता तिथे थांबलो. पुढे अपूला दुर्गाने चोरलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात टाकतो. पाण्यावरचं शेवाळ फाकतं, थोडं पाणी उघडं पडतं, मग ते हळूहळू मिटत जातं. त्यावर मी आधी दोनशे शब्दांत ‘निरागसतेचा अंत’ वगैरे लिहिलं होतं. ते सगळं काढून फक्त शेवाळ मिटायला किती वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॅमेरा तिथून हलत नाही, एवढंच ठेवलं. कथा निम्म्यावरून पाव हिश्शावर आली. हंबरड्याची चूक मी लपवली नाही; लेखाची सुरुवातच तिथून केली. बाईंनी या खेपेला समासात फक्त दोन स्वल्पविराम सुचवले आणि लेख पुढे गेला.

इथे हे संपायला हरकत नव्हती. पण मग आईने चित्रपट पाहिला.

आईला अलीकडे फार कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, ते डबीत असतं. घातलं की भांड्यांचे आवाज डोक्यात जातात म्हणते. लेखाच्या निमित्ताने मी इतके दिवस तेच तेच पाहतोय म्हटल्यावर एका रात्री येऊन शेजारी बसली. बंगाली तिला येत नाही, खालच्या ओळी इंग्रजीत, त्याही वाचत नाही. यंत्र घालतेस का विचारलं तर हातानेच नको म्हणाली. मी बाजूने काही सांगायचा प्रयत्न केला, त्यावर ‘गप रे, कळतंय मला’.

दोन तास ती जवळजवळ मूकपटच पाहत होती. दुर्गा पडली तेव्हा ‘अगं’ म्हणाली. बेडूक दिसल्यावर तोंड फिरवलं. तो तिला पहिल्याच खेपेला दिसला. हरिहरने वस्तू काढायला सुरुवात केली तशी ती पुढे सरकून बसली. साडी बाहेर आली. सर्वजयेने ती दातांत धरली. खोलीभर तारशहनाई होती, आणि आईपर्यंत त्यातलं काहीही पोचत नव्हतं, हे मी तिच्याकडे बघत होतो म्हणून मला ठाऊक आहे.

‘किती ओरडून रडतेय रे ती,’ आई म्हणाली.

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ‘तुला ऐकू येतंय?’

‘न यायला काय झालं?’ ती जरा रागावूनच म्हणाली, आणि पदराचं टोक डोळ्याला लावून पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.

माझा सगळा लेख तारशहनाईवर उभा होता. आवाजाच्या जागी दुसरा आवाज आला म्हणून आपण तिसरा ऐकतो, असं मी मोठ्या ऐटीत मांडलं होतं. आईला तर दुसरा आवाज आलाच नव्हता. मग तिने ऐकला तो कुठून? त्या दातांत धरलेल्या साडीतून? खांद्यांतून? की तारशहनाई हा माझ्यासारख्या ऐकू येणाऱ्यांना लावलेला आधार होता आणि नसती तरी चाललं असतं? तसं असेल तर राय यांनी ती लावली कशाला? चित्रपट संपल्यावर मी तो तुकडा आवाज बंद करून पुन्हा पाहिला, मग चालू करून. उत्तर आलं नाही. रकाने पाडलेल्या वहीत उजवीकडचा रकाना मी कोरा ठेवला आणि डावीकडे लिहीत गेलो.

सकाळी बाईंना फोन केला. म्हटलं, लेखात एक परिच्छेद घालायचा राहिलाय.

‘आता? आज पानं लागतायत. कशावर आहे?’

‘आईला हंबरडा ऐकू आला, त्यावर.’

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग कागद उलटल्याचा आवाज.

‘दीडशे शब्द,’ बाई म्हणाल्या. ‘दुपारपर्यंत. आणि विशेषणं नकोत.’